घरासमोरची हिरवळ: किती करावी, कुठे करावी आणि वर्षभर कशी सांभाळावी

शेतात नवे घर बांधले की समोर थोडी हिरवळ असावी, असे बहुतेकांना वाटते. कृषी पर्यटन केंद्र असेल तर ती जवळजवळ गरजच ठरते. जून-जुलैत गवत लावले जाते, पोळ्यापर्यंत जमीन झाकली जाते, दिवाळीत पाहुणे कौतुक करतात आणि फेब्रुवारीनंतर रंग उतरू लागतो. एप्रिल-मेमध्ये विहिरीने तळ गाठला की पाणी हिरवळीला द्यायचे की गोठ्याला, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी एकच असते. मग गवताबरोबर आणलेली माती, मजुरी आणि गालिच्याचे पैसेही जातात.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की हिरवळीचे क्षेत्रफळ जूनच्या पावसाकडे पाहून ठरवू नये. ते मे महिन्यात हाताशी असलेल्या पाण्यावरून ठरवावे. गवताची जात, खत, कापणी हे सर्व त्यानंतरचे विषय आहेत.

आधी मे महिन्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे एक लिटर. मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भात मे महिन्यातील उन्हात गवत हिरवे ठेवायचे असेल, तर त्याला दररोज साधारण ५ ते ६ मिलिमीटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर हिरवळीला रोज ५०० ते ६०० लिटर, महिन्याला १५ ते १८ हजार लिटर पाणी लागेल. हे फक्त गवताच्या उपयोगाचे पाणी झाले. रबरी नळी हातात धरून दिलेल्या पाण्यातला बराच भाग वाहून किंवा उडून जातो, तो यात धरलेला नाही.

हा आकडा गोठ्याच्या भाषेत सांगायचा तर पाच-सहा दुभत्या जनावरांच्या उन्हाळ्यातील पिण्याच्या पाण्याएवढा होतो. टँकरच्या भाषेत सांगायचे तर १० हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर दरमहा. ज्यांच्याकडे बारमाही विहीर किंवा कालव्याचे पाणी आहे त्यांना हे जड नाही. इतरांनी पाव गुंठ्याचा, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचा विचार करावा. त्याला मे महिन्यात रोज दीडशे लिटर पुरतात, आणि घरच्या माणसांना संध्याकाळी बसायला एवढी जागा भरपूर होते. चार गुंठे हिरवळ करून ती उन्हाळ्यात जाळण्यापेक्षा पाव गुंठा वर्षभर चांगली ठेवलेली केव्हाही बरी.

न्हाणीघराचे पाणी वापरता येईल का, असे नेहमी विचारले जाते. साबण आणि कपड्यांच्या पावडरीतील सोडियममुळे भारी जमीन आवळत जाते आणि तिचा निचरा बिघडतो. हे पाणी हिरवळीपेक्षा कर्दळ, केळी, नारळ अशा झाडांच्या आळ्यांकडे वळवावे. हिरवळीसाठी छतावरचे पाणी अधिक उपयोगी आहे. १०० चौरस मीटर छतावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६० हजार लिटर पाणी पडते. त्यातले ८० टक्के हाती लागले, तरी ४८ हजार लिटर होतात. एवढे साठवायला टाकी परवडत नाही हे खरे, पण गाळणी करून ते घराजवळच्या विहिरीत किंवा कूपनलिकेच्या पुनर्भरणासाठी सोडता येते.

अंगण आधी कामाचे, मग शोभेचे

शेतकऱ्याचे अंगण शहरातल्या बंगल्यापेक्षा वेगळे असते. तिथे धान्य वाळते, ट्रॅक्टर वळतो, खताच्या गोण्या उतरतात आणि तुरी बडवल्या जातात. ही सर्व जागा आधी सुतळी लावून आखून घ्यावी. ट्रॅक्टर-ट्रॉली वळण्यासाठी लागणारी जागा कागदावर काढू नका. प्रत्यक्ष ट्रॉली वळवून चाकांच्या खुणा पाहा आणि त्या खुणांच्या बाहेर हिरवळ आखा. वाहनाच्या वाटेवर मुरूम किंवा फरशी घालावी. ओल्या काळ्या मातीवरील हिरवळीत ट्रॅक्टरचे चाक एकदा रुतले, की ती चाकोरी पुढे दोन पावसाळे पाणी धरून ठेवते.

दुसरी मर्यादा घराच्या जोत्याची. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. भिंतीला लागून हिरवळ केली आणि तिला रोज पाणी दिले, तर घराची एक बाजू कायम ओली आणि बाकीच्या बाजू कोरड्या राहतात. अशा असमान हालचालीने भिंतींना तिरप्या भेगा पडतात. त्यामुळे जोत्याभोवती तीन-चार फुटांचा पट्टा फरशी किंवा दाबलेल्या मुरमाचा ठेवावा आणि त्याला घरापासून बाहेर उतार द्यावा. हिरवळ त्यापुढे सुरू करावी. नवीन घराचे नकाशे पाहताना हा पट्टा अनेकदा दिसत नाही. कृषी सहायकांनी एवढी एक गोष्ट लक्षात आणून दिली, तरी मोठे काम होईल.

या मोकळ्या पट्ट्याचा आणखी एक उपयोग आहे. लांब गवत, सरपणाचा ढीग, विटांची थप्पी आणि भिंत एकत्र आली की उंदीर येतात आणि त्यांच्यामागे घोणस-नाग येतात. आखूड कापलेले गवत आणि मोकळा पट्टा असला, तर रात्री बॅटरीच्या उजेडात सरपटणारे जनावर लगेच दिसते. सरपण घरापासून लांब आणि जमिनीपासून उंचावर रचावे.

झाडे लावताना पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू सावलीसाठी ठेवावी, कारण दुपारनंतरचे ऊन तिकडूनच घर तापवते. कडुनिंब, चिंच, आंबा अशी मोठी झाडे घरापासून १५ ते २० फुटांच्या आत नकोत. वड आणि पिंपळ तर त्याहूनही लांब असावेत. कुंपणाला कण्हेर लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. फुले छान दिसतात, पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. छाटलेल्या फांद्या गोठ्याच्या बाजूला टाकल्या तर जनावर दगावू शकते. लहान मुले आणि जनावरे असलेल्या घरी मेंदी, जास्वंद किंवा कडेने गवती चहा लावणे चांगले.

दाट सावलीत हिरवळ करण्याचा हट्ट धरू नये. हरळी गटातील गवतांना दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागते. आंब्याखाली ते दरवर्षी लावले जाते आणि दरवर्षी मरते. तिथे पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवा. विरळ सावली असेल तर हळद किंवा आले लावा. हळदीची रुंद पाने अंगणात कोणत्याही शोभेच्या झाडाइतकीच चांगली दिसतात, आणि वर घरचा मसाला मिळतो.

माती आणि निचरा

हिरवळ पाण्याअभावी मरते तशी साचलेल्या पाण्यानेही मरते. फरक एवढाच, की पहिले मे महिन्यात होते आणि दुसरे ऑगस्टमध्ये. विदर्भ-मराठवाड्याच्या भारी जमिनीत दुसरे कारण अधिक आढळते. गवत पिवळे पडते, शेतकरी नत्र कमी पडले समजून युरिया टाकतो, आणि मुळांना हवा नसल्याने तो युरिया वाया जातो.

जागा तपासण्याची सोपी रीत अशी आहे. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसत असेल, तर त्या जागेवर उतार आणि चर केल्याशिवाय गवत लावू नये. गवंड्याकडील पाण्याची पारदर्शक नळी वापरून घराकडून बाहेर उतार काढावा. पहिल्या दहा फुटांत दोन ते अडीच इंच उतार पुरेसा आहे. पुढे तो याच्या निम्मा असला तरी चालतो. खालच्या कडेला फूट-दीड फूट खोल चर घेऊन त्यात खडी भरावी आणि चराचे तोंड शेताच्या किंवा झाडांच्या बाजूला काढावे.

काळ्या मातीत दोन पाट्या वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते, हा समज सोडून द्यावा. थोड्या वाळूने चिकण माती सुधारत नाही, उलट वाळल्यावर ती विटेसारखी टणक होते. त्याऐवजी वरचा सहा इंचांचा थर उन्हाळ्यात खणून तापू द्यावा, ढेकळे फोडावीत, त्यात बारीक मुरूम व भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे आणि त्यावर चार इंच पोयटा माती पसरावी. एका गुंठ्याला चार इंचांच्या थरासाठी साधारण साडेतीन ते पावणेचार ब्रास माती लागते. हा खर्चही क्षेत्र लहान ठेवण्याचे एक कारण आहे. पोयटा कुठून आणता तेही पाहा. लव्हाळ्याने भरलेल्या शेतातली माती फुकट मिळाली, तरी महागच पडते.

कोकणात प्रश्न उलटा असतो. जांभ्यावर मातीचा थर पातळ, पाऊस भरपूर आणि माती आम्लधर्मी. तिथे पावसाळाभर काहीही हिरवे दिसते आणि जानेवारीपासून कातळ तापू लागला की गवत करपते. किमान आठ-नऊ इंच माती नसेल तर हिरवळीचा विचार न करता अंगणाला जांभ्याची फरसबंदी करून कडेने फुलझाडे लावणे योग्य. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात माती आणि पाणी दोन्हींची तपासणी करूनच पुढे जावे. जिप्समची मात्रा अंदाजाने ठरवू नये.

गुंठ्याला सुमारे ५०० किलो पूर्ण कुजलेले शेणखत आणि ५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट पूर्वमशागतीच्या वेळी पुरेसे होते. शेणखत अर्धे कच्चे असेल तर त्याबरोबर हुमणी आणि तणांचे बी दोन्ही येतात.

गवत कोणते

शेतात ज्या हरळीसाठी आपण खोल नांगरट करतो, काश्या वेचतो आणि तरीही हरतो, तीच हरळी अंगणात सर्वांत भरवशाची आहे. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हीच. ती ऊन, तुडवण, क्षारयुक्त पाणी आणि पाण्याचा ताण सोसते. उन्हाळ्यात वरून वाळली तरी जमिनीतील काश्यांतून पुन्हा फुटते. कमी पाण्याच्या भागात माझी पहिली शिफारस हरळी गटातीलच बारीक पानांच्या निवडीला आहे. रोपवाटिकांत अशी गवते वेगवेगळ्या व्यापारी नावांनी विकली जातात. नावापेक्षा एक वर्षाची झालेली हिरवळ प्रत्यक्ष पाहून घ्यावी.

झोयसिया गटातील गवते, म्हणजे बाजारात ज्यांना कोरियन किंवा कार्पेट म्हणतात ती, दाट आणि मऊ असतात. ती हळू वाढतात, त्यामुळे कापणी कमी लागते. पण जमीन झाकायला वेळ घेतात आणि एकदा खराब झालेला भाग भरून यायला महिने जातात. लहान, शोभेच्या, फारशी वर्दळ नसलेल्या जागेला ती योग्य आहेत. रुंद पानांचे ॲक्सोनोपस सावली आणि आम्लधर्मी माती सोसते, पण पाण्याचा ताण अजिबात सोसत नाही. कोकणात, पाण्याची सोय असलेल्या वाडीत ते चांगले येते. सोलापूर-बीडकडे ते नेऊ नये.

हरळी लावताना एक धोका ओळखून ठेवा. ती अंगणात थांबत नाही. हिरवळीच्या कडेने शहाबादी फरशी किंवा विटा उभ्या, आठ-नऊ इंच खोल गाडाव्यात आणि महिन्यातून एकदा कडेबाहेर गेलेले धावते कापावे. कापलेले हे तुकडे बांधावर किंवा थेट उकिरड्यात टाकू नका. प्रत्येक पेऱ्याला फूट येते आणि पुढच्या वर्षी ते शेणखताबरोबर शेतात पोहोचते. उन्हात फरशीवर पूर्ण कडक वाळवूनच ते खड्ड्यात टाकावे.

लागवड

कमी पावसाच्या भागात जूनअखेर ते जुलै, कोकण आणि घाटमाथ्यावर जोराचा पाऊस ओसरल्यावर ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा काळ चांगला. कोकणात जूनमध्ये लावलेल्या काड्या मातीसकट वाहून जातात.

लागवडीआधी पंधरा-पंधरा दिवसांनी दोनदा पाणी देऊन तण उगवू द्यावे आणि खुरपून काढावे. हे केलेली आणि न केलेली हिरवळ यांतला फरक पुढे तीन वर्षे दिसतो. घाईत हीच पायरी वगळली जाते.

काश्या किंवा ठोंब चार इंचांवर टोचून लावणे ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. चांगल्या हिरवळीच्या एक चौरस मीटरमधून निघालेल्या काश्या साधारण आठ-दहा चौरस मीटरला पुरतात. लावल्यावर फळीने किंवा हलक्या रोलरने दाबून लगेच पाणी द्यावे. अडीच-तीन महिन्यांत जमीन झाकली जाते. तयार गालिचा हवा असेल तर खर्च वाढतो, काळजी मात्र कमी होत नाही. उरुळी कांचन परिसरातून किंवा जवळच्या रोपवाटिकेतून गालिचा आणताना तुकडा उलटा करून पाहा. खाली लव्हाळ्याच्या काळपट गाठी किंवा हुमणीच्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर गाडी परत पाठवा. गालिचा चिकण मातीवर वाढवलेला आणि आपली जमीन मुरमाड असेल, तर मुळे त्या पातळ थरातच अडकून राहतात. अशा वेळी खाली दोन इंच पोयटा घालून तो चांगला भिजवावा आणि मगच गालिचा अंथरावा.

पावसाळा: कापणी, तण, हुमणी

या काळात गवत आपोआप वाढते असे वाटते, पण वर्षातले सर्वांत जास्त काम याच चार महिन्यांत असते. हरळी दीड इंचावर ठेवायची असेल, तर ती सव्वादोन इंच होताच कापावी. एका वेळी पानांचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. महिनाभर वाढू देऊन एकदम तासले, तर खालचा पिवळा दांडा उघडा पडतो आणि लव्हाळ्याला ऊन मिळते. पात्याला धार नसेल तर गवत कापले न जाता फाटते आणि दोन दिवसांनी संपूर्ण हिरवळीवर पांढरट झाक येते. अनेकजण याला रोग समजून बुरशीनाशक आणतात. आधी पात्याला धार लावा.

युरियाची मात्रा हा सर्वांत जास्त चुकणारा विषय आहे. गुंठ्याला एका वेळी एक किलो ही कमाल मर्यादा धरावी. हा एकरी ४० किलोचा, म्हणजे जवळपास एका गोणीचा दर होतो. एवढे सांगितले की शेतकऱ्याला अंदाज येतो. जुलैच्या सुरुवातीला एकदा आणि ऑगस्टअखेर एकदा, दोन्ही वेळा पाने कोरडी असताना फेकावा आणि लगेच पाणी द्यावे किंवा पावसाची सर येणार असेल त्या आधी द्यावा. ओल्या पानांवर युरियाचे दाणे चिकटले की ठिपक्यांनी गवत करपते. चुनखडीच्या जमिनीत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर ती लोहाची कमतरता असते. त्यावर लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट थोडे सायट्रिक ॲसिड मिसळून फवारावे. फवारा फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

लव्हाळा ओळखायला सोपा: तिकोनी दांडा, फिकट चकचकीत पाने आणि कापणीनंतर दोन दिवसांत इतरांपेक्षा वर आलेली पात. हाताने उपटला तर पात हाती येते आणि गाठ खाली राहते. दोन पावसांच्या मधे, माती ओली पण चिखल नसताना, अरुंद खुरप्याने गाठीसकट काढावा. पाव गुंठ्यात हे काम आठवड्याला अर्ध्या तासाचे आहे. ऊस किंवा मक्यासाठी आणलेली तणनाशके अंगणात वापरण्याचा मोह टाळावा. रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी सुचवले जाते, पण कुंपणापलीकडे कापूस, द्राक्ष, टोमॅटो किंवा वांगी असतील तर तिचा वाऱ्यावर गेलेला अंशही पाने वाकडी करतो. घराच्या हिरवळीतील केना, घोळ आणि दुधी यांसाठी खुरपे पुरेसे आहे.

हुमणीचे भुंगे वळवाच्या आणि पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्या दिवसांत फांद्या हलवून भुंगे गोळा करणे आणि प्रकाश सापळा लावणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे. उसाला चालतो तोच इथेही. अळ्या जुलै ते सप्टेंबर मुळे खातात. भरपूर पाऊस असूनही एखादा भाग वाळत असेल, तर तिथले गवत मुठीत धरून वर ओढा. घोंगडी उचलावी तसे ते उचलले गेले, तर खाली अळ्या सापडतील. त्या वेचाव्यात, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम बुरशी मिसळून ते ओलसर जमिनीत द्यावे आणि जागा पुन्हा भरून घ्यावी.

शंखी गोगलगायींनी २०२२ मध्ये मराठवाड्यात सोयाबीनचे किती नुकसान केले हे वेगळे सांगायला नको. घराभोवतीची ओलसर सावली, दगडांचे ढीग आणि दाट कुंपण हे त्यांचे दिवसा लपण्याचे ठिकाण असते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी अंथरावीत, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या अंगणात मोकळ्या टाकू नका. कुत्री त्या खातात आणि मरतात.

पावसानंतर आणि थंडीत

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा दुरुस्तीचा काळ. जमिनीत ओल असते, ऊन असते आणि गवत अजून वाढत असते. माणसे आणि पावसाने दबलेल्या जागी गार्डन फोर्कने तीन-चार इंच खोल छिद्रे पाडावीत. नंतर चाळलेला पोयटा, वाळू आणि शेणखत समभाग मिसळून अर्ध्या सेंटिमीटरचा थर पसरावा आणि दंताळ्याच्या पाठीने किंवा केरसुणीने तो पानांखाली उतरवावा. गुंठ्याला हे मिश्रण सुमारे १८ घनफूट लागते. खोलगट जागा अशा थरांनी हळूहळू भराव्यात. एकदम दोन इंच माती टाकली तर खालचे गवत गुदमरते.

डिसेंबर-जानेवारीत पाणी निम्म्यावर आणता येते. निफाडसारख्या भागात रात्रीचे तापमान एक आकडी झाले, की हरळीची वाढ थांबते आणि ती तपकिरी पडते. ती मेलेली नसते. या वेळी युरिया दिला तर गवताला नव्हे, थंडीतल्या तणांना मिळतो. गवत आधी होते तसे दिसावे म्हणून रोज पाणी देण्यानेही काही साधत नाही. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री उबदार झाल्या की नवी पाने येतात. तेव्हा गुंठ्याला अर्धा किलो युरिया द्यावा, तोही पुढे पाण्याची खात्री असेल तरच.

उन्हाळा

मार्चपासून कापणीची उंची दीड इंचावरून दोन-सव्वादोन इंचांवर न्यावी. लांब पाने जमिनीला सावली देतात आणि मुळे खोल जातात. कापलेले बारीक गवत या दिवसांत तिथेच पडू द्यावे. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदा १५ ते २० मिलिमीटर द्यावे. किती पाणी पडले हे मोजायला तुषार सिंचनाखाली सरळ कडांचे चार रिकामे डबे ठेवा आणि पट्टीने उंची पाहा. डब्याडब्यांत दुपटीचा फरक निघणे नेहमीचे आहे, आणि ज्या कोपऱ्यात गवत वाळते तिथल्या डब्यात पाणी कमी असते. वेळ पहाटेची असावी. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असेल तर टाकी भरून घ्यावी आणि सकाळी सोडावे.

लग्नसराईत किंवा पर्यटकांच्या गर्दीत मंडपाचे जाजम हिरवळीवर दोन दिवस राहिले, तर मे महिन्यातील उष्णतेत खालचे गवत शिजते. जाजम रात्री गुंडाळून ठेवावे, स्वयंपाकाची भट्टी आणि गरम पाणी हिरवळीच्या बाहेर असावे. खुर्च्यांची जागा दर कार्यक्रमाला बदलावी.

पाणी खरोखरच संपत आले तर हिरवळ हिरवी ठेवण्याचा प्रयत्न सोडून ती जिवंत ठेवण्याचा प्रयत्न करावा. हरळी असेल तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा १० ते १२ मिलिमीटर पाणी एवढ्यावर जमिनीतील काश्या तग धरतात. गुंठ्याला हे एका वेळी सुमारे १,००० ते १,२०० लिटर होते, म्हणजे रोज लागणाऱ्या पाण्याचा अगदी छोटा भाग. या काळात गवतावर चालणे, कापणी आणि खत तिन्ही बंद ठेवावे, जनावरे सोडू नयेत. झोयसियाला एवढा ताण देता येतो, पण ती सावरायला पावसाळ्याचा बराच काळ घेते. ॲक्सोनोपस असेल तर उन्हाळ्यापूर्वीच ठरवा, की त्याचा कोणता तुकडा पाणी देऊन जगवायचा. तेवढ्याच तुकड्याला सगळे पाणी द्या आणि पावसाळ्यात तिथूनच काड्या घेऊन बाकी जागा भरून काढा.